डब्याचा पत्रा एवढा पातळ, मग वजन पेलतं कोण?

नांदेडचा_पोट्टा: मेकॅनिकलचा डिप्लोमा करायलोय. आमचे सर म्हणले रेल्वेच्या एलएचबी (नव्या डिझाइनच्या) डब्याच्या बाजूचा पत्रा जेमतेम 2 मिमीचा असतो, तेव्हापासून डोकंच चालंना. डबा 23.54 मीटर लांब, खाली दोनच बोग्या (चाकांचे गाडे), त्या बी एकमेकींपासून 14.9 मीटरवर, अन् तपोवन एक्सप्रेसची गर्दी तर तुम्हाला ठाऊकच हाय. मग मधी झोळ कामून पडत नाही? का ट्रकसारखं सगळं चासीच पेलती?

गव्हाचा डबा: ट्रक विसर भाऊ. घरी गहू ठेवायचा पत्र्याचा डबा असंल ना, झाकण काढून कडा धर अन् पिळ, लगेच वेडावाकडा होतो. झाकण घट्ट बसवून पिळ, हलत नाही, पत्रा तोच. इथं बी तळ, दोन भिंती अन् छत एकमेकाला जोडून अख्खा डबाच एक बीम झालेला असतो, म्हणजे बीमची उंची तळापासून छतापर्यंत. मधी तळ ताणल्या जातो, छत दाबल्या जातं. पातळ पत्रा दाबला की फुगणार, म्हणून आतून फासळ्या. अन् झोळ पडतोच थोडा, त्यासाठी तळ जोडतानाच मधी हलकासा वर उचललेला ठेवतात, त्याला कॅम्बर म्हणतात.

वेल्डर_परभणी: बरोबर, पण खिडक्या राहिल्या की. भिंतीला एवढी भोकं पाडली की प्रत्येक चौकोन तिरपा व्हायला बघतो अन् ताण सगळा कोपऱ्यात जमतो. गाडी उभी असताना बाहेरून कोपऱ्यावर बोट फिरव, गोलाई लागंल, ती शोभेची नाही, काटकोन ठेवला तर तडा तिथूनच जाणार. मी डबे दुरुस्तीत चार वर्षं काढली, जुन्या आयसीएफला (एलएचबीच्या आधीच्या डिझाइनचे डबे) खरा त्रास गंजाचा. वरून रंग चकाचक अन् संडासाखाली स्क्रू ड्रायव्हर टोचला की आरपार!! एलएचबी स्टेनलेसचा, तिथं हे कमी.

नांदेडचा_पोट्टा: मग चासीला कामच नाही म्हणा

गव्हाचा डबा: हाय ना, ओढणं-ढकलणं. कपलरचा (दोन डबे जोडणाऱ्या आकड्याचा) धक्का तळातूनच पुढं जातो. टेस्टिंगला रिकामा सांगाडा दोन्ही टोकांनी 200 टनाच्या आसपास दाबतात, जागोजागी स्ट्रेन गेज (पत्रा किती ताणला-दबला ते मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवून, अन् सोडल्यावर मूळ मापाला आलाच पाहिजे. लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून 2020 च्या डिसेंबरात पहिला सांगाडा निघाला, कॉलेजचं लेटर घेऊन विचारून बघ.

नांदेडचा_पोट्टा: स्टेशनवर जाऊन खिडकीचा कोपरा चाचपून आलो, गोल हाय. आतल्या काकू म्हणल्या काय हरवलं का रे