मदत हवी आहे: चियांग माईच्या पोलीस ठाण्यातून 'पैसे घेऊन बोलायला या' असा फोन आलाय

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा सांगलीचा. आठ महिन्यांपासून थायलंडमध्ये चियांग माईला नोकरीला आहे, वर्क परमिट आणि नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा दोन्ही आहेत. बायको आणि साडेतीन वर्षांची लेक दोन महिन्यांपूर्वी आल्या, तेव्हा महिन्याच्या बोलीवर १२५ सीसीची स्कूटर भाड्याने घेतली.

गेल्या शनिवारी संध्याकाळी भाजी घेऊन परत येत होतो. इथे जुन्या शहराला चौकोनी खंदक आहे, त्याच्या बाहेरून आणि आतून एकेरी वाहतुकीचे रस्ते. बाहेरच्या रस्त्यावर मी लेन बदलली आणि शेजारून येणाऱ्या एका मावशींच्या स्कूटरला माझं हँडल घासलं. त्या पडल्या. गुडघा आणि कोपर सोलवटलं, आरसा तुटला, पुढचं प्लास्टिक तडकलं. चूक माझीच, आरशात पाहिलं नव्हतं.

लोक जमायला लागले तसा माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे अशा वेळी पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पण इथे कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. एकाने मावशींना पाण्याची बाटली दिली आणि मग दुसरी बाटली आणून मलाही दिली!

पोलीस आले, फोटो काढले, माझा परवाना बघितला. माझ्याकडे फक्त भारतातलं स्मार्ट कार्ड. आंतरराष्ट्रीय परवाना काढला नव्हता, त्याला आळसाशिवाय दुसरं कारण नाही. त्यांनी ते कार्ड ठेवून घेतलं आणि थाईत भरलेला एक कागद हातात दिला. त्यातलं मला फक्त २५६८ हे (बौद्ध) साल वाचता आलं. मावशींना दवाखान्यात मलमपट्टी करून त्याच रात्री घरी सोडलं.

काल ठाण्यातून फोन आला. समोरचा माणूस सभ्यपणे बोलत होता, पण वाक्यं एवढीच: 'थर्सडे, टेन ओ'क्लॉक. लेडी कम. यू कम. ब्रिंग मनी.'

या शेवटच्या दोन शब्दांनी झोप उडवली आहे. हे चहापाणी आहे का? किती न्यायचे? एकटा जाऊ की वकील घेऊ? व्हिसाच्या नूतनीकरणात हे प्रकरण आडवं येईल का? बायको म्हणते, सरळ पाच हजार बाट पाकिटात घालून देऊन टाक आणि विषय संपव. खरं सांगायचं तर महिन्यापूर्वी नाकाबंदीत अडवलं होतं तेव्हा मी २०० बाट पावतीशिवाय देऊन सुटलो होतो. त्याचंही आता मनाला लागून राहिलंय.

आणखी एक, दुकानदाराने स्कूटर देताना अनामत म्हणून माझा पासपोर्ट ठेवून घेतला आहे. ठाण्यात तो मागतील का?

फुकेतकर:
भाऊ, इतकं काय घाबरताय? मी सहा वर्षं इथे आहे. हेल्मेट विसरलो की ५०० ची नोट, गोड हसू आणि 'खॉप खुन क्रप' (धन्यवाद). पाच मिनिटांत मोकळा. वहिनी बरोबर म्हणतायत.

सुखुमवितकर:
फुकेतकर, तुमचा सल्ला नाक्यावरचा आहे. यांना ठाण्यातून बोलावणं आलंय आणि समोर जखमी व्यक्ती आहे. तिथे पाकीट पुढे केलंत तर आहे त्यापेक्षा मोठा गुन्हा स्वतःच्या हाताने कराल. अधिकाऱ्याला लाच देऊ करणं हा थायलंडमध्येही गुन्हाच आहे.

धागाकर्ते, मी बँकॉकमध्ये ११ वर्षं आहे आणि या फेऱ्यातून दोनदा गेलोय, एकदा माझ्या चुकीने, एकदा दुसऱ्याच्या. आधी दीर्घ श्वास घ्या. 'ब्रिंग मनी' म्हणजे कुठले पैसे, तेवढं समजून घ्या. ठाण्यात तीन प्रकारचे पैसे निघतात आणि थाईत तिघांना तीन नावं आहेत.

'खा प्राप' म्हणजे दंड. सरकारजमा होतो, पावती मिळते. 'खा सिया हाय' म्हणजे नुकसानभरपाई. ही मावशींची, पोलिसांचा तिच्याशी फक्त साक्षीदारापुरता संबंध. आणि तिसरा 'खा नाम चा', ज्याचा शब्दशः अर्थ 'चहाचे पैसे'. आपल्याला भाषांतर करायची गरजच नाही :)

तुम्हाला पहिले दोन प्रकारचे पैसे घेऊन बोलावलंय याची मला नव्वद टक्के खात्री आहे. इथे किरकोळ अपघातात पद्धतच अशी आहे. दोन्ही बाजूंना ठाण्यात समोरासमोर बसवतात, ड्यूटीवरचा तपास अधिकारी (त्याला 'रॉय वेन' म्हणतात) मध्ये बसतो, आकडा ठरतो, ठाण्याच्या नोंदवहीत लिहिलं जातं, दोघांच्या सह्या होतात. आपल्या गावचा तंटामुक्तीचा अध्यक्ष आठवा, फक्त गणवेश घट्ट.

काही गोष्टी मात्र नक्की करा. थाई बोलणारं विश्वासाचं माणूस न्या. ऑफिसमधली एखादी वयाने मोठी सहकारी असेल तर सोन्याहून पिवळं, वकिलापेक्षा जास्त उपयोग होतो. न वाचलेल्या थाई कागदावर सही करू नका. सहकाऱ्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या, विशेषतः 'यापुढे या अपघाताबाबत कोणतीही मागणी उरली नाही' अशा अर्थाचं वाक्य आहे ना ते पाहा. ते नसेल तर घालून घ्या. पैसे मावशींच्या हातात द्या, अधिकाऱ्यासमोर, आणि तो आकडा नोंदीत आला पाहिजे. नोंदीची प्रत मागायला लाजू नका.

आणि तो पासपोर्ट आजच्या आज सोडवा. तो भारत सरकारच्या मालकीचा कागद आहे, स्कूटरवाल्याकडे तारण ठेवायची वस्तू नाही. रोख अनामत द्या.

आजोळ:
सुखुमवितकरांना अनुमोदन. नोंदवहीबद्दल थोडं सांगते. तिला 'बन्तुक प्रचाम वान' म्हणतात, रोजनिशीच ती. आपल्याकडे एनसी नोंदवतो, साधारण तसलाच प्रकार. माझी पर्स लोकलसारख्या गर्दीत नाही, चक्क मॉलमध्ये गेली, आत पासपोर्ट. ठाण्यात ही नोंद केली, तिची प्रत घेऊन सुखुमवित सोई २३ मधल्या आपल्या दूतावासात गेले, तेव्हा पुढचं चाक हललं. ठाण्यात अडीच तास लागले. त्यातले दोन तास माझ्या वडिलांचं नाव आणि माझं मधलं नाव एकच कसं, हे समजावण्यात गेले. शेवटी त्या पोलिसाने स्वतःच्या डब्यातला चिकट भात मला खायला दिला.

इंग्रजीची अडचण आली तर ११५५ हा पर्यटक पोलिसांचा क्रमांक. नाव पर्यटक असलं तरी मी रहिवासी असून त्यांनी फोनवर दुभाष्याचं काम केलं. जीव धोक्यात असेल तर १९१, रुग्णवाहिका १६६९. हे तिन्ही फोनमध्ये साठवून ठेवा.

व्हिसाचं म्हणाल तर माझ्या नवऱ्याला दोनदा वाहतुकीचा दंड झालाय, नूतनीकरणाला कोणी विचारलंही नाही. विचारलं ते टीएम३० बद्दल! घरमालकाने परदेशी भाडेकरू आल्याचं २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. तुमच्या बायको-मुलीचं कळवलंय का ते बघा. खरा घोळ तिथे होतो.

रानवाट:
विम्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. प्रत्येक गाडीला सक्तीचा विमा असतो, 'पो रो बो'. त्यातून जखमीच्या उपचाराचा खर्च ३०,००० बाटपर्यंत मिळतो, चूक कोणाची हे न बघता. पण तो फक्त माणसांसाठी, गाडीच्या नुकसानीला एक पैसा नाही. म्हणजे दवाखान्याचं बिल तुमच्याकडून मागितलं तर आधी विचारा की ते विम्यातून भागलं का. दुकानदाराकडून विम्याच्या कागदाची प्रत घेऊन जा.

दुसरं, वैध परवाना नसताना तुमचा खाजगी विमा हात वर करू शकतो. आणि एक फारसं माहीत नसलेलं: दारूची मर्यादा इथे रक्ताच्या १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, पण परवाना नसलेल्या चालकाला ती २० च आहे. एक बिअर आणि तुम्ही गोत्यात. सोंगक्रानच्या (थाई नववर्षाच्या) आठवड्यात तर जागोजागी तपासणी असते.

फुकेतकरसाहेब, हेल्मेटचा दंड २०२२ च्या दुरुस्तीनंतर २,००० बाटपर्यंत गेलाय. तुमची ५०० ची नोट लवकरच कमी पडेल, आणि डोकं फुटलं तर तीही नको.

फुकेतकर:
बरं बाबा, हेल्मेट घालतो. पण एक सांगा, हे लोक पावती मागितली तर चिडत नाहीत?

सुखुमवितकर:
चिडायचं कारण तुमचा सूर असतो, पावती नव्हे. 'रिसीट दे, नाहीतर व्हिडिओ काढतो' म्हणालात तर खेळ खलास. आवाज खाली, टोपी-गॉगल काढलेला, दोन्ही हात जोडून वाय (आपला नमस्कारच, तो तरी आपल्याला शिकवावा लागत नाही), आणि मग 'बाय सांग?' एवढंच. म्हणजे दंडाचा कागद. तो दिला की दंड ठाण्यात किंवा बँकेत भरता येतो. माझा अनुभव असा की समोरचा 'चहावाला' असेल तर कागदाचं नाव काढल्यावर बहुतेक वेळा 'जा, पुढच्या वेळी जपून' म्हणतो.

व्हिडिओवरून आठवलं. ठाण्यातला कोणाचाही फोटो किंवा नाव फेसबुकवर टाकू नका, राग कितीही आला तरी. इथे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे.

सगळं गोडगोड आहे असंही मी म्हणत नाही. जानेवारी २०२३ मध्ये बँकॉकच्या नाकाबंदीत एका तैवानी अभिनेत्रीकडून ई-सिगारेटच्या निमित्ताने २७,००० बाट उकळल्याचं प्रकरण गाजलं होतं, पोलिसांवर कारवाई झाली. ई-सिगारेट इथे बेकायदा आहे, तिथेच तर गोम आहे. आपल्या हातून काही चुकलेलं असतं तेव्हाच चहा महाग होतो.

मिसळ_आणि_टॉमयम:
अवांतराबद्दल क्षमस्व. माझ्या बाइकच्या चावीला गणपतीची किल्लीसाखळी आहे. नाक्यावर अडवलेल्या हवालदाराने ती पाहिली, 'फ्रा फिकानेत!' म्हणाला, शर्टाच्या आतून स्वतःचं गणपतीचं लॉकेट काढून दाखवलं आणि भारतात मोठं देऊळ कुठे आहे ते विचारायला लागला. मी सिद्धिविनायक सांगितलं. दहा मिनिटं गप्पा. मग हसतहसत हेल्मेटच्या पट्ट्याचा दंड लावला, पावतीसकट. बाप्पा बाप्पाच्या जागी.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. पासपोर्ट सोडवला. दुकानदाराने आढेवेढे घेतले, ३,००० बाट अनामत ठेवावी लागली. टीएम३० बद्दल घरमालकिणीला विचारलं, तर ती म्हणाली 'अरे हो!' म्हणजे आजोळताईंनी आणखी एका संकटातून वाचवलं. हिशेब विभागातल्या एक पन्नाशीच्या बाई गुरुवारी सोबत यायला तयार झाल्यात. त्यांनी अट घातली आहे की मी शर्ट इस्त्री करून यावं आणि त्या बोलत असताना मध्ये तोंड उघडू नये.

एक शंका, मावशींसाठी काही घेऊन जाऊ का? की तो पुरावा धरतील?

आजोळ:
जरूर न्या, फळं न्या. इथे तो माणुसकीचा भाग आहे, कोणी वेगळा अर्थ काढणार नाही. माफी मात्र आधी मागा, फळं नंतर.

धागाकर्ता:
आत्ताच परत आलो, लगेच लिहितोय.

दहाचं बोलावणं होतं, रॉय वेनसाहेब पावणेअकराला आले. तोवर मी आणि मावशी एकाच बाकावर. मी सफरचंदं नेली होती, त्यांनी माझ्या लेकीसाठी लामफूनच्या बागेतले लोंगन (लिचीसारखं फळ) आणले होते! मी घरी लहान मूल आहे असं त्या दिवशी कधीतरी बोललो असेन, मला आठवतसुद्धा नाही.

मागणी ८,००० ची होती. आमच्या बाईंनी गॅरेजचं बिल मागितलं, ते २,८५० निघालं. मावशींचा बाजारात गाळा आहे, तो तीन दिवस बंद होता. त्याचे तीन हजार मी घासाघीस न करता मान्य केले, कारण ते खरे होते. दवाखान्याचं विम्यातून भागलं होतं. थोडं इकडेतिकडे होऊन ६,००० वर सह्या झाल्या. 'मागणी उरली नाही' हे वाक्य आधी नव्हतं, बाईंनी घालून घेतलं. परवान्याचा दंड ५०० बाट, पावती मिळाली, कार्डही परत मिळालं. तिसऱ्या प्रकारच्या पैशांचं कोणी नावही काढलं नाही. निघताना साहेबांनी कार्डावर बोट ठेवून 'नो गुड' म्हटलं आणि हाताने स्कूटर चालवायची नक्कल करून मान हलवली. पावती म्हणजे परवाना नव्हे, हे मला कळावं म्हणून असणार.

स्कूटर आज परत करतोय. पुढच्या आठवड्यात इथल्या वाहतूक खात्यात थाई परवान्यासाठी जाणार आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून वर्क परमिट चालतं की इमिग्रेशनचा दाखलाच लागतो?

रानवाट:
मला वर्क परमिट चाललं, पण त्यावरचा पत्ता सध्याच्या घराचा हवा. डॉक्टरांचा दाखला कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये मिळतो. रंग ओळखायच्या चाचणीला रंगांची नावं इंग्रजीत पटापट म्हणायची असतात. मी गडबडीत 'पिवळा' म्हणालो होतो, पुन्हा रांगेत उभं केलं.