आप्पा आणि माईंचं मानपत्र लिहायचंय, काय लिहू?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची पारोळा तालुक्यातल्या बोरी नदीकाठच्या एका गावची. सध्या धुळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. गावात आमची एक छोटी शिक्षणसंस्था आहे. म्हणजे शाळा-कॉलेज काही नाही. संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासवर्ग, एक वाचनालय आणि शिष्यवृत्ती परीक्षांची तयारी, एवढंच काम. अध्यक्ष आप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. सचिव माई, निवृत्त अंगणवाडी सेविका. दोघंही यंदा पद सोडताहेत. 24 डिसेंबरला, सानेगुरुजींच्या जयंतीला, गावात छोटा कार्यक्रम आहे आणि एक पानाचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण मी त्या वर्गाची जुनी विद्यार्थिनी.

चार-पाच मानपत्रं नमुन्यासाठी मागवली. सगळ्यांत तेच: शिक्षणमहर्षी, ज्ञानगंगा दारोदारी, समाजभूषण, अनमोल योगदान. हे शब्द मी आप्पांसमोर उभं राहून वाचूच शकणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर येतात ते विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात कंदिलाची काच धोतराच्या सोग्यानं पुसणारे आप्पा. 2005-06 चं भारनियमन आठवतंय ना? बरोबर वर्गाच्या वेळेला लाइट जायची. आप्पांनी एक दिवसही वर्ग सोडला नाही. तीन कंदील होते. दहावीच्या मुलांना एक, आठवी-नववीला एक आणि तिसरा मधोमध, लहानांसाठी. वाऱ्यानं कंदील विझला तर अंधारातच पाढे सुरू व्हायचे, उजेड येईपर्यंत.

आणि माईंची वही. हजेरीची वही सगळेच ठेवतात, माई गैरहजेरीची ठेवायच्या. कोण आलं नाही आणि का आलं नाही. ‘कापूस वेचायला’, ‘धाकटा भाऊ सांभाळते’, ‘आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामाकडे’, ‘घरचे ऊसतोडीला गेले’. तीन दिवस कुणी दिसलं नाही की चौथ्या दिवशी माई त्या घरी.

आमच्याकडे त्या चार संध्याकाळी आल्या होत्या. मी नववीत होते, घरात स्थळाचं बोलणं सुरू झालं होतं. माई आल्या, ओट्यावर आजीशेजारी बसल्या, भुईमुगाच्या शेंगा फोडू लागल्या. कानबाईचे रोट, पाऊस, कुणाची म्हैस व्याली, सगळं बोलणं झालं. माझा विषय नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी आजीनंच विचारलं, ‘पोर हुशार आहे म्हणतात, खरं का?’ माई म्हणाल्या, ‘दहावीचा कागद हातात येऊ द्या, मग काय ते ठरवा.’ माझं लग्न झालं ते डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झाल्यावर.

आता प्रश्न. समितीतली मंडळी म्हणतात, संस्थेतून किती जण नोकरीला लागले त्याची यादी दे, तलाठी, पोलीस, शिक्षक अशी. आप्पांना ती यादी कधीच आवडली नाही. ‘ज्याचं नाव यादीत नाही त्यानं कार्यक्रमाला कुठल्या तोंडानं यायचं?’ असं ते म्हणत. मग लिहायचं काय? अशा छोट्या संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांनी नेमकी काय सेवा केली, ती एका पानात कशी मांडू? आणि गावात सगळे आप्पांचंच नाव घेतात, माईंचं मागे राहतं, ते कसं टाळू?

---

निवृत्त मुख्याध्यापक, चोपडा

ताई, मी आयुष्यात पुष्कळ मानपत्रं लिहिली आणि त्यांतली बहुतेक आज मला आठवतही नाहीत. तुमचा प्रश्न वाचून जे सुचलं ते सांगतो.

तुमचा कार्यक्रम ज्यांच्या जयंतीला आहे त्यांचंच पाहा. सानेगुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय सांभाळत. 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. सहाच वर्षांची नोकरी. पण आपल्या भागातली जुनी माणसं काय सांगत आली? गुरुजी मुलांची अंथरुणं आवरायचे, खोल्या झाडायचे, मुलांसाठी ‘विद्यार्थी’ नावाचा अंक काढायचे. कुणी त्यांची पदवी सांगत बसत नाही.

म्हणून विशेषणं सगळी काढा, क्रियापदं ठेवा. आप्पांनी काच पुसली. माई शेंगा फोडत बसल्या. तुमच्या प्रश्नातच तुमचं मानपत्र अर्धं लिहून झालंय. फक्त भाषा थोडी भारदस्त ठेवा, कारण ते फ्रेम होऊन भिंतीवर लागणार आणि पाहुणे ते वाचणार.

यादीबाबत मी आप्पांच्या बाजूचा आहे.

---

हिशेबनीस

शिरपूर तालुक्यातल्या अशाच एका संस्थेचा मी बारा वर्षं खजिनदार आहे. वरच्या सरांचं पटलं, पण एक बाजू राहून गेली. ती दिसत नाही म्हणून कुणी लिहीत नाही.

गावातली संस्था बुडते ती शिकवणाऱ्याअभावी क्वचित. बुडते कागदाअभावी. आपल्याकडे बहुतेक संस्था दुहेरी नोंदलेल्या असतात: 1860 च्या सोसायटी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. म्हणजे दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, ऑडिट रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात द्यायचा. कार्यकारिणीत एक माणूस जरी बदलला तरी 90 दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अहवाल. हे झालं नाही की शेड्यूल वनच्या, म्हणजे संस्थेच्या तिथल्या अधिकृत नोंदीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. मी एका संस्थेत पाहिलंय, उताऱ्यावरचे सातपैकी चार विश्वस्त वारलेले होते. बँकेत सही चालेना, अनुदान अडकलं, आणि शेवटी ‘संस्था खरी कुणाची’ यावरून दोन भावकींत वाद. वाचनालयाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

तेव्हा ताई, मानपत्र लिहिण्याआधी एकदा संस्थेची ट्रंक उघडा. पावतीपुस्तकांची स्थळप्रत जागेवर आहे का, रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आहे का, दरवर्षीचं ऑडिट आहे का, ते पाहा. असेल तर ती या दोघांची फार मोठी सेवा समजा. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब द्यायला लोक टाळाटाळ करतात, इथे वर्षानुवर्षं परक्याच्या पोरांसाठी आलेल्या पैशाचा हिशेब लिहिलेला असतो, आणि त्याबद्दल टाळी कधी मिळत नाही.

जाता जाता: कार्यक्रम होताच नव्या लोकांचा चेंज रिपोर्ट टाका. ठरावाची प्रत, सभेची नोटीस, जुन्यांचे राजीनामे आणि नव्यांची संमतिपत्रं आताच तयार ठेवा. हार-तुऱ्यांच्या गडबडीत हेच राहतं.

---

उधनावाला

तीन कंदील वाचलं आणि हात थरथरला. मी त्याच गावचा. ताई, तुम्ही मला ओळखणार नाही, मी तुमच्यानंतरचा. आता सुरतेत उधन्याला एका साडीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे.

माझे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, मी आजीजवळ राहायचो. 2012 ला आठवीत होतो. आप्पांनी एनएमएमएसचा, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा, फॉर्म भरायला लावला. आता या परीक्षेत निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात, तेव्हा महिन्याला 500 होते. पण पाचशे म्हणजे आमच्या घरात मोठी रक्कम. उत्पन्नाचा दाखला लागायचा आणि वडील तर फडावर. आप्पा मला सायकलवर मागे बसवून रस्त्यापर्यंत न्यायचे, तिथून एसटीनं पारोळा तहसील. दोनदा काम झालं नाही, तिसऱ्यांदा झालं. प्रत्येक वेळी येताना स्टँडवर भजी. माझी निवड झाली नाही, चार गुणांनी गेली. मी तोंड लपवून दोन दिवस वर्गाला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी आप्पा नदीच्या वाटेवर गाठ पडले. ‘काय रे भो, कोठे व्हता दोन दिन?’ बस, एवढंच. निकालाचं नाव काढलं नाही. मी त्यांच्या मागोमाग वर्गात गेलो.

अजून एक सांगतो, ते मानपत्रात घालू नका. एकदा वाचनालयातलं पुस्तक फाटलं आणि आप्पांनी सगळ्यांसमोर मला बोललं. मी फाडलं नव्हतं. आठवड्यानं खरं कळलं. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोरच उभं राहून सांगितलं, ‘मी चुकीचं बोललो, याची काही चूक नव्हती.’ माझ्याहून चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मोठा माणूस. आज माझ्या हाताखाली तीस पोरं काम करतात. कुणाला उगाच बोललो तर मी त्याच ठिकाणी, त्याच लोकांसमोर माफी मागतो.

मी कुठल्याही यादीत नाही. 24 ला मी येतोय.

---

सेविका, धरणगाव

माईंबद्दल थोडं. अंगणवाडी सेविकेला पगार नसतो, मानधन असतं. आहार, वजनं, लसीकरणाची नोंद, गरोदर बायांच्या भेटी, रजिस्टरं, वरून जी येतील ती सर्वेक्षणं. हे सगळं उरकून ही बाई सात वाजता वर्गावर हजर. घरोघर जाणं तिला जमलं कारण त्या प्रत्येक घरात ती आधीच बाळाचं वजन करायला गेलेली होती. त्या घरातल्या पोरीला तिनं पाळण्यात पाहिलेलं होतं. आप्पांना ओट्यावर बसून चार दिवस शेंगा फोडता आल्या नसत्या, बाईमाणसाच्या गोष्टी बाईमाणसालाच बोलता येतात.

तुम्ही विचारलंत नाव मागे कसं पडणार नाही. सोपं आहे. एक मानपत्र दोघांना देऊ नका. दोन द्या. आणि माईंचं आधी वाचा.

---

बोरीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन आले, म्हणून उत्तराला उशीर.

हिशेबनीस दादा, ट्रंक उघडली. पावतीपुस्तकं वर्षवार सुतळीनं बांधलेली, ऑडिट एकही वर्ष चुकलेलं नाही. रोजकीर्दीत रॉकेल, काचा, वाती, खडू, मुलांच्या हस्तलिखित अंकाचे कागद. एका पानावर ‘कंदील क्र. 2 ची काच, फोडणारा: अध्यक्ष’ आणि पुढे जमा बाजूला तेवढीच रक्कम आप्पांच्या नावे. चेंज रिपोर्टचं तुम्ही म्हणालात ते नव्या मंडळींना कळवलं. सभेची नोटीस निघाली.

पण मी अडकून बसले ती माईंच्या वह्यांत. दुपारी बसले, लाइट लावायची वेळ झाली तरी उठवेना. प्रत्येक घरभेटीची एक ओळ आहे. माझीही सापडली. ‘गेले. बोलणे झाले नाही. पुन्हा जाणे.’ अशा तीन ओळी, आणि चौथी: ‘आजी तयार.’ दुसऱ्या एका मुलीच्या नावापुढे ‘पुन्हा जाणे’ सात वेळा आहे आणि मग ‘आली’. आणि काही नावांपुढे शेवटची ओळच ‘पुन्हा जाणे’ आहे, त्यापुढे काही नाही. त्यांतल्या दोघी माझ्या वर्गातल्या होत्या. एकीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. माईंना त्या नावांबद्दल विचारलं. त्या प्रत्येक मुलीचं सासर, मुलंबाळं, सगळं त्यांना माहीत आहे. एकीच्या मुलीचा यंदा नवोदयचा फॉर्म माईंनीच भरून घेतलाय.

एक पान 3 फेब्रुवारी 2024 चं. अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन भरलं होतं त्याचं. ‘आज वर्ग नाही. मुले अमळनेरला.’ खाली प्रत्येक मुलाचं नाव आणि त्यानं काय विकत घेतलं ते. गोष्टीची पुस्तकं, एक शब्दकोश, एकानं मोटार दुरुस्तीचं पुस्तक. शेवटी: ‘दोघांनी पैसे परत आणले. विचारणे.’ त्यांनी काय विचारलं आणि काय कळलं ते मी वाचून आले, पण ती मुलं आजही वर्गात आहेत, म्हणून इथे लिहीत नाही.

तर ठरलं असं. दोन मानपत्रं, माईंचं आधी. यादी नाही. समितीला मी हे समोर बसून सांगितलं, थोडी कुरबुर झाली, मग मान्य केलं. सर, भाषा भारदस्त करायचा प्रयत्न केला, पण माईंच्या वहीतल्या ओळींपेक्षा भारदस्त काही सुचेना. म्हणून सुरुवात अशी केलीय:

‘माई, आपण या गावातल्या किती घरांच्या ओट्यांवर बसलात याची मोजदाद आपल्याच वह्यांत आहे. जिथे दार उघडले नाही तिथे आपण पुन्हा गेलात. ज्या मुली परत येऊ शकल्या नाहीत त्यांचीही नावे आपण खोडली नाहीत.’

आप्पांच्या मानपत्रात कंदील आहेत, तहसीलच्या तीन फेऱ्या आहेत, आणि उधनावाले भाऊ, तुम्ही नको म्हणालात तरी ती माफीची गोष्ट नाव न घेता घालायची आहे. आप्पांना फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘त्याला चालत असेल तर ठेव.’ तेव्हा तुम्ही सांगा.

---

उधनावाला

चालेल ताई. नावानिशी घाला.

---

बोरीकाठची

घालते. मजकूर शुक्रवारी छपाईला जाईल. सभामंडपात जुन्या हस्तलिखितांचे अंक मांडणार आहोत, पण ट्रंकेत सुरुवातीच्या चार वर्षांचे मिळाले नाहीत. गावातल्या कुणाकडे घरी असतील तर 24 ला सोबत आणा, दुपारी दोनपर्यंत मंदिरात माझ्याकडे किंवा माईंकडे द्या. कार्यक्रम संपला की परत मिळतील, पावती करून देऊ.