विषय: गहू सोडू की नको? (सीलिअॅकची शंका, सोलापुरातून विचारणा)

हॉलंडच्या मराठी मंडळाची आइंडहोव्हनची सभासद, सध्या मुक्काम माहेरी सोलापूर

मंडळी, नमस्कार.

गणपतीची वर्गणी भरली एवढं कळवण्यापलीकडे मी इथे कधी काही लिहीत नाही. आज मात्र पोटातलं बोलायचंय, अक्षरशः.

गेली चारेक वर्षं माझं हिमोग्लोबिन ९च्या वर सरकायला तयार नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाला, लोखंडी कढई झाली. जेवलं की पोट ढोलासारखं फुगतं, आठवड्यातनं दोनतीनदा जुलाब, तोंड सतत आलेलं. आमच्या हाउसआर्ट्सनी (म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरांनी) तिकडचं ठरलेलं औषध दिलं: पॅरासिटामॉल आणि "ताण घेऊ नका". आईच्या मोतीबिंदूसाठी डिसेंबरात सोलापूरला आले, तेव्हा इथल्या डॉक्टरांना सहज फाइल दाखवली. त्यांचा पहिलाच प्रश्न, "घरात रोज चपाती का भाकरी?"

टीटीजी आयजीए ही रक्ताची तपासणी केली. मर्यादेच्या आठपट आली. येत्या मंगळवारी एंडोस्कोपी आहे, लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून बघणार. तोवर कागदावर फक्त "सीलिअॅकची शंका", म्हणजे गव्हानं आतडं बिघडवणारा आजार.

आता घरातला तमाशा ऐका. डॉक्टर म्हणतात, तपासणी होईपर्यंत गहू अजिबात सोडायचा नाही, रोज खायचा. आई म्हणते, "विष आहे म्हणून कळल्यावर कशाला खायलीस गं?" मावशी म्हणते, आपल्यात असलं काही नसतंय, हे फॉरेनचं खूळ. मी मधे बसून चपाती चावते आणि रडते.

एक शंका डोक्यातनं जात नाही. लहानपणी मला काहीच त्रास नव्हता. आमच्याकडे दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, चपाती सणावाराला नाहीतर पाहुणे आले तर. हॉलंडला आल्यावर सकाळी ब्रेड आणि रात्री चपाती सुरू झाली. भाकरीनं हा रोग दाबून ठेवला होता का?

आपल्या मंडळात कुणाला हे आहे का? कुणाच्या मुलाला? माझ्याशी फोनवर बोललात तरी चालेल. गूगलवर वाचून वाचून डोकं फिरलंय.

---

लायडनचे सभासद

ताई, आमच्या मुलीला आहे. सहाव्या वर्षी कळलं, आता ती तेरा वर्षांची आहे आणि आमच्यापेक्षा जास्त पोहते. तेव्हा आधी रडणं थांबवा.

डॉक्टरांचंच ऐका. आम्ही उलटं केलं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून तपासणीच्या आधीच पोळी बंद केली, मुलीला बरं वाटलं, आम्ही खूश. मग डॉक्टर म्हणाले, आता परत सुरू करा, नाहीतर रिपोर्ट खोटा चांगला येईल. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: तपासणीआधी निदान ६ आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) असावं. बरं झालेल्या पोरीला पुन्हा दीड महिना पोळी भरवताना बायकोचे आणि माझे जे हाल झाले ते तुमचे होऊ नयेत.

घरचं सांगतो. तवा वेगळा, लाटणं-पोळपाट वेगळं, टोस्टर वेगळा. लाकडाच्या भेगांत पीठ बसतं, घासून निघत नाही. लोणच्याच्या बरणीत पोळी खाता खाता घातलेला चमचा परत बुडवायचा नाही. यावरून आमच्याकडे दोनदा भांडणं झाली आहेत, दोन्ही वेळेला गुन्हेगार मीच.

सगळ्यात जास्त छळणारा शब्द म्हणजे 'थोडंसं'. थोडंसं खाल्लं तर काय होतं, प्रसाद आहे, एक घास. एकदा मी हिशोब मांडला. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण ३ ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आतडं बिघडतं, असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे एका पोळीचा साठावा भाग. तो तुकडा करून मी सासूबाईंच्या तळहातावर ठेवला होता. त्या दिवसापासून त्यांनी आग्रह सोडला.

---

रॉटरडॅमचे काका

चिरंजीव सौ., काळजी नसावी. हा सगळा संकरित गव्हाचा दोष आहे. खपली गहू खा, पूर्वी आपल्याकडे तोच होता. खपलीची खीर, वर साजूक तूप. आमच्या साडूंचा गुडघा त्यानं बरा झाला. जोडीला रोज अर्धा तास अनुलोम-विलोम.

---

उट्रेख्टची सभासद, आहारतज्ज्ञ

काका, तुमच्या साडूंच्या गुडघ्याला नमस्कार, पण इथे खपली नको. खपली हाही गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. तसंच जव, राय आणि बाजारातला 'देशी', 'सेंद्रिय', 'दगडी जात्यावरचा' लिहिलेला कुठलाही गहू. कुणाला तो पचायला हलका वाटत असेल, वाटू दे. सीलिअॅक ही पचनाची तक्रार नाही. गव्हातलं ग्लुटेन आलं की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात, ते झडून सपाट होतात. मग लोह शोषलंच जात नाही. ताई, तुमच्या गोळ्या वाया का गेल्या, ते आता लक्षात आलं असेल.

तुमच्या भाकरीच्या शंकेबद्दल. ज्वारीत हे ग्लुटेन नाही, त्यामुळे भाकरी खाणाऱ्या घरात गव्हाचा मारा कमी आणि त्रास कमी, हे शक्य आहे. पण भाकरीनं रोग दाबला, असं मी म्हणणार नाही. त्यासाठी मुळात एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे जनुक लागतात. ते पुष्कळ लोकांत असतात, त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो, आणि तो कुठल्याही वयात सुरू होऊ शकतो. मावशींना सांगा, फॉरेनचं खूळ नाही. पंजाब-दिल्लीकडे, जिथे गव्हाशिवाय घास उतरत नाही, तिथे हा चांगलाच ओळखीचा आहे.

'फॉरेन'वरून आठवलं. गव्हाचा संबंध जगाला पटवून दिला तो आपल्या या हॉलंडातल्याच डॉक्टरांनी. हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके. १९४४-४५च्या हिवाळ्यात इथे अन्न मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. ब्रेड संपला तेव्हा ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा बिघडली. डिकेंना गव्हाचा संशय त्याआधीपासूनच होता. १९५०मध्ये त्यांनी उट्रेख्टच्या विद्यापीठात त्यावर प्रबंध दिला. मी सायकलवरून रोज त्या विद्यापीठावरून जाते.

आणि हिंग! डबीवरची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या पुष्कळशा हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे ज्या वरण-भाताला तुम्ही सुरक्षित समजाल, त्याच्या फोडणीतच गहू. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो शोधा. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. गव्हाच्या कुरडया, रव्याचा लाडू हे तर कळतंच, पण चकलीच्या भाजणीत काही घरी मूठभर गहू टाकतात, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

निदान पक्कं झालं तर मुलांची आणि भावंडांचीही रक्ततपासणी करून घ्या, त्रास नसला तरी.

---

आइंडहोव्हनची सभासद, सोलापूर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. लायडनच्या दादांशी तासभर फोनवर बोलले. काका, तुमच्यावर राग नाही, प्राणायाम सुरू केलाय.

एंडोस्कोपी झाली. घशात फवारा मारला, पुढचं फारसं आठवत नाही. आतडं "सपाट दिसतंय" म्हणाले, पण तुकड्यांचा रिपोर्ट शुक्रवारी येईल. घरी येऊन आईला म्हटलं, आता गहू बंद. ती इतकी खूश झाली की लगेच ज्वारी काढली. मंगळवेढ्याची मालदांडी, मामाच्या रानातली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हे तिला मी सांगितलं, तर म्हणाली, "ते कशाला पाहिजे, खाऊन कळतंय की."

सूप घेऊन निवडायला बसलो. दोन किलोत गव्हाचे सात दाणे निघाले. तीच पोती, तीच मळणी, येणारच. आईनं ते सातही दाणे वाटीत काढून ठेवले, पुरावा म्हणून.

मग गिरणी. आमच्या गल्लीतल्या गिरणीत मी फ्रॉकमध्ये असल्यापासून डबा घेऊन जाते. आई म्हणाली, "ज्वारीवर ज्वारी टाका हो." ते म्हणाले, "काकू, तुम्ही सांगायच्या आधीच ज्वारीवर घेतो, गव्हावर घेतल्यावर भाकरी चिकट होत्या म्हणून तुम्हीच भांडता." खरंच पुढचा डबा ज्वारीचा होता. मी निम्मी सुखावले. तेवढ्यात त्यांनी सवयीनं पीठ पडतं त्या तोंडाची कापडी बाही काठीनं झटकली, आणि पांढऱ्याशुभ्र ज्वारीवर कणकेचा तांबूस थर भुरभुरला. त्या बाहीत सकाळपासूनचा सगळ्या गल्लीचा गहू होता. आईचा चेहरा बघवत नव्हता. एवढा वेळ 'विष' हा शब्द ती वापरत होती, पण तिला ते दिसलं तिथे.

डबा तसाच शेजारच्या काकूंना दिला. त्यांना काही फरक पडत नाही.

आता नवीन घरघंटी घ्यायची ठरलंय, ज्वारीपुरतीच. मावशीकडची वापरा म्हणत होते, पण तिच्यात गहू दळलाय. अण्णांनी पैसे काढून ठेवलेत, रिपोर्टची वाट बघायला तयार नाहीत. कडक भाकरीच्या थप्प्या न्यायचा माझा बेत होता, महिनाभर सहज टिकतात. पण विकतच्या ठिकाणी विचारलं, तर त्याच ताईंकडे धपाट्यांच्या पिठात कणीकही असते. म्हणून आई घरीच करणार, घासूनपुसून नव्हे तर नव्या तव्यावर. २३ किलोच्या बॅगेत पीठ, भाकरी आणि शेंगाचटणी बसवायचं गणित ती रोज नव्यानं मांडते. माझे कपडे त्या गणितात नाहीत.

मी १० जानेवारीला परत येतेय, त्यामुळे गड्ड्याची जत्रा यंदाही हुकली. मंडळाच्या संक्रांतीला मात्र येणार आहे. तिळगूळ खाईन. फक्त गुळपोळी वेगळ्या टेबलावर ठेवाल का? आणि पोळीचा हात लाडवाच्या ताटात जायच्या आधी धुवाल का? हे लिहायला मला फार लाज वाटतेय. तीनदा खोडलं होतं.

---

लायडनचे सभासद

लाडवाचं ताट आमच्या मुलीच्या ताब्यात देतो. तिच्या हातून कुणी सुटत नाही, काकासुद्धा. शुक्रवारी रिपोर्ट आला की फोन करा, कितीही वाजले तरी.