मराठवाड्यातील वळिवाच्या वादळांचा माग: कोणते मुक्त सॉफ्टवेअर वापरावे?

उदगीरकर
नमस्कार. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर बालाघाटाच्या रांगांवर चढणारे वळिवाचे ढग सुरक्षित अंतरावरून पाहावेत आणि त्यांची छायाचित्रे वेळ-स्थळाच्या नोंदीसह जपावीत, असा आम्हा मित्रांचा विचार आहे. लॅपटॉपवर लिनक्स आहे. सुपरसेल डब्ल्यूएक्स हे रडार पाहण्याचे मुक्त सॉफ्टवेअर बसवले, परंतु त्यात आपल्याकडील एकही केंद्र दिसत नाही. रस्त्यावर असताना, मोबाईलची रेंज येत-जात असताना, कशावर विसंबावे?

गोदाकाठ
अडचण सॉफ्टवेअरची नाही, डेटाची आहे. ते सॉफ्टवेअर अमेरिकेच्या नेक्सरॅड या हवामान रडारांच्या जाळ्याच्या मूळ नोंदींवर चालते आणि त्या तिथे सर्वांना खुल्या आहेत. आपल्या हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मात्र रडारची तयार चित्रे पाहायला मिळतात. रडारच्या मूळ नोंदी वाचणारी पाय-आर्टसारखी पायथॉन साधने कितीही उत्तम असली तरी चित्रांवर ती चालत नाहीत. शिवाय हैदराबादचे रडार लातूरपासून सरळ रेषेत सुमारे २२५ किलोमीटर दूर आहे आणि अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली त्याची लहर, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, तिथवर पोचेपर्यंत जवळजवळ ५ किलोमीटर उंच गेलेली असते. ढगाच्या तळाशी काय चालले आहे, ते तिला दिसतच नाही.

म्हणून उपग्रहाकडे वळावे. सॅटपाय ही पायथॉनमधील मुक्त प्रणाली भारताच्या इन्सॅट आणि युरोपच्या मेटिओसॅट या उपग्रहांच्या फायली वाचते. इन्सॅटच्या फायली इस्रोच्या मोसडॅक या उपग्रह-डेटाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. ४५.५ अंश पूर्वेवरील मेटिओसॅट-९ दर १५ मिनिटांनी चित्र देतो, पण तो आपल्याकडे तिरका पाहतो. त्यामुळे १५ किलोमीटर उंचीचा ढगमाथा चित्रात खऱ्या जागेपासून सुमारे १३ किलोमीटर पूर्व-ईशान्येला सरकलेला दिसतो. सॅटपायमध्ये याची दुरुस्ती करता येते आणि ती केल्याशिवाय गाडी कुठे उभी करायची हे ठरवू नये.

काळी_माती
माझ्या मते निम्मे काम सकाळी घरीच उरकते. पहाटे साडेपाचच्या हवामान फुग्याची नोंद वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. उदगीरला छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्यापेक्षा हैदराबादचा फुगा जवळचा आहे. मेटपाय ही पायथॉनमधील मुक्त प्रणाली ती नोंद वाचून केप, म्हणजे ढग वर उचलणारी ऊर्जा, काढून देते. मात्र पहाटे जमिनीलगतची हवा गार असते, त्यामुळे तोच आकडा प्रमाण मानला तर ४२ अंशांच्या दुपारीही वातावरण निवांत असल्याचा भास होतो. दुपारचे अपेक्षित तापमान आणि दवबिंदू (हवेतील बाष्पाचे माप) घालून गणित पुन्हा करावे. विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे कमी दाबाचा पट्टा असल्याचे हवामान विभागाच्या पत्रकात असेल आणि बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येत असतील, तर त्या दिवशी बॅटरी भरून ठेवावी.

उदगीरकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. विजेसाठी काही मुक्त पर्याय आहे का?

बालाघाट
ब्लिट्झऑर्टुंग हे विजा टिपणाऱ्या हौशी निरीक्षकांचे जाळे आहे, परंतु भारतात त्याची ग्राहक यंत्रे विरळ आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे विजेचा इशारा देणारे दामिनी ॲप मुक्त स्रोत नाही, तरीही फोनमध्ये तेच ठेवावे. या बाबतीत तत्त्वनिष्ठा परवडणारी नाही. गडगडाट ऐकू आला की छायाचित्रण गाडीच्या आतून, काचा वर करूनच करावे. तिपाई बाहेर मांडून तिच्यापाशी उभे राहणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

नकाशासाठी ऑस्मअँड हे मोबाईल ॲप पुरेसे आहे, कारण रेंज गेली तरी त्याचा उतरवलेला नकाशा चालतो. त्यातील कच्चे रस्ते टाळण्याची सोय चालू करावी, कारण आपल्या काळ्या रानात एक सर येऊन गेली तरी गाडीवाटेवर चाक रुतते आणि मागे फिरता येत नाही. अडचण एवढीच की पांदण रस्ता कच्चा आहे, हे नकाशात कोणी नोंदवले असेल तरच ही सोय उपयोगी पडते. आपल्या तालुक्यातील अशा वाटा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे ऑस्मअँड ज्यावर चालते त्या सर्वांना भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर, आधीच नोंदवून ठेवल्या, तर नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत त्या ऑस्मअँडमध्ये येतात.