नॉर्टन आवृत्तीचं ब्राइटलिंग घड्याळ सेकंडहँड घेताना काय तपासावं?

गोदाकाठ_५००:
ब्राइटलिंग प्रीमियर बी०१ क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ), २०१९ची नॉर्टन (ब्रिटिश मोटारसायकल कंपनी) आवृत्ती, ४२ मिमी, मुंबईत सेकंडहँड मिळतंय. डबा-कागद आहेत. विक्रेत्याच्या व्हिडिओत रीसेट केल्यावर सेकंदकाटा बाराच्या किंचित अलीकडे थांबतो. घ्यावं की सोडावं? ५०० सीसीच्या सिंगल-सिलिंडर मोटारसायकलवर कसारा घाट, त्र्यंबक रोडला घालून चालेल का?

सातपूर_टूलरूम:
आधी तो काटा. क्रोनोग्राफच्या आसावर हृदयाच्या आकाराचा कॅम (आसाबरोबर फिरणारी चकती) असतो. रीसेटचं बटण दाबलं की हॅमर (छोटी तरफ) त्यावर आदळतो आणि कॅम फिरून नेहमी एकाच जागी स्थिरावतो. काटा मात्र आसावर नुसता दाबून बसवलेला असतो. विक्रेत्याला वेगवेगळ्या सेकंदांवर थांबवून दहा वेळा रीसेट करायला सांगा. फरक दर वेळी तेवढाच असेल तर काटा आसावर सरकलाय. काढून पुन्हा बसवला की झालं. फरक बदलत असेल तर काट्याची नळी सैल आहे किंवा हॅमर पूर्ण टेकत नाही. बी०१चे (या घड्याळातल्या यंत्राचे) हॅमर कॅमवर आपोआप जुळतात, त्यामुळे संशय पहिल्यांदा काट्यावर घ्या. पण हा काटा पूर्वी दोन-तीनदा काढला असेल तर नळी ताणली जाते आणि पुन्हा सरकतो. तेव्हा काटाच नवा लागतो.

मग टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून अँप्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) २७० ते ३१० अंश हवी. २५०च्या खाली म्हणजे बहुधा तेल सुकलंय, सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करा. टाइमग्राफरमध्ये या कॅलिबरचा (घड्याळातल्या यंत्राचा) लिफ्ट अँगल, म्हणजे अँप्लिट्यूड काढायला लागणारा कोन, घातलाय ना, हे विचारा. सरसकट ५२ ठेवला तर आकडा फसवा येऊ शकतो. बीट एरर (टिक आणि टॉकमधल्या वेळेचा फरक) ०.५ मिलिसेकंदाच्या आत. क्रोनोग्राफ चालू ठेवून पुन्हा मोजा. यात व्हर्टिकल क्लच (क्रोनोग्राफ यंत्राला जोडणारा भाग) असल्याने अँप्लिट्यूड फार पडता कामा नये. सीओएससीची (घड्याळांची अचूकता तपासणारी स्विस संस्था) मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद, पॉवर रिझर्व्ह ७० तास. शुक्रवारी रात्री पूर्ण चावी देऊन ठेवलं तर सोमवारी दुपारीही चालू दिसायला हवं.

मँक्स_चाहता:
यंत्रात नॉर्टनचं काही नाही, हे समजून पैसे द्या. केसच्या डाव्या बाजूची पट्टी आणि मागच्या काचेवरचं चित्र, एवढंच. १९५०च्या सीनियर टीटी शर्यतीत (आइल ऑफ मॅन) जेफ ड्यूकने जिंकलेली मँक्स ही नॉर्टनची रेसिंग मोटारसायकल म्हणजे ५०० सीसी सिंगल इंजिन, बेव्हल गिअरच्या उभ्या शाफ्टने वरचे कॅम फिरवणारं, नॉर्टनच्या फेदरबेड नावाच्या चौकटीत बसवलेलं. ते कॅम व्हॉल्व्ह उघडतात, घड्याळातला कॅम काटा शून्यावर आणतो. माझ्या मते खरं नातं तिथेच आहे. ती पट्टी उचकटलेली किंवा घासलेली नाही ना, हे भिंगाने पाहा. आवृत्तीची ओळख तीच आहे.

पावसाळी_रायडर:
सिंगलच्या थरथरीने बॅलन्स लगेच बिघडत नाही, पण पट्ट्याच्या पिना आणि स्क्रू सैल होतात. घाटातले खड्डे त्याहून वाईट. चुंबकाकडे जास्त लक्ष द्या: टँकबॅग आणि मोबाइल होल्डरची चुंबकं. हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगचे) वेढे चुंबकाने चिकटले की घड्याळ दिवसाला मिनिटांनी पुढे पळतं. होकायंत्राजवळ नेऊन सुई हलते का बघा. हलली तर डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढणारं यंत्र) वापरा: घड्याळ जवळ ठेवून त्याचं बटण दाबून धरायचं, घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असतानाच सोडलं तर उलट जास्त चुंबकत्व राहू शकतं.

पाणीरोधाचा १०० मीटर हा आकडा गॅस्केट (रबरी सील) शाबूत असेपर्यंतच खरा. दरवर्षी मे महिन्यात ड्राय प्रेशर टेस्ट (पाण्याविना हवेच्या दाबाने गळती तपासणं) करून घ्या. नाशिकच्या मेनरोडला कुणाकडे नेलंत तर त्या टेस्टचं यंत्र आहे का हे आधी विचारा. पावसात पुशर (क्रोनोग्राफची बटणं) दाबू नका. काचेत धुकं दिसलं तर उन्हात ठेवून वाळवत बसू नका, त्याच दिवशी उघडून घ्या; काट्यांवर आणि स्टीलच्या भागांवर गंज लवकर धरतो. त्र्यंबकच्या पावसात कातडी पट्टा टिकणार नाही. लगमधलं (पट्टा अडकवायच्या केसच्या टोकांमधलं) अंतर मोजून रबरी पट्टा घ्या आणि मूळचा डब्यात ठेवा, पुढे विकताना त्याला किंमत येते.

गोदाकाठ_५००:
धन्यवाद. आजच दहा रीसेटचा व्हिडिओ मागवतो.