दुकानाचं आणि घरचं फेसबुक वेगळं कसं करायचं?

चप्पललाईनकर: मंडळी, कोल्हापूरला चप्पल लाईनला आमचं चपलांचं दुकान आहे. फेसबुकवर माझं एकच खातं. कापशी चपलांचे फोटो त्यावरच, पोरीचं बारसंही त्यावरच. परवा मावशी गेल्याची पोस्ट टाकली, तर खाली पुण्याच्या गिऱ्हाइकाची कमेंट: "आठ नंबर आहे काय?" शिवाय मित्र ५००० झालेत, नवीन कोण घेता येईना. दुसरं खातं काढू काय?

रंकाळावासी: दुसरं खातं नको भावा. एका माणसाचं एकच खातं, हा फेसबुकचा नियमच आहे. दुकानाचं पेज काढ. ते तुझ्याच लॉगिनवर चालतं आणि फॉलोअरना ५००० ची अट नाही. बारशाच्या फोटोंना मात्र 'फक्त मित्र' लाव, आणि त्या मित्रांतली गिऱ्हाइकं हळूहळू पेजवर ढकल. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरं तेच.

राजारामपुरी_५वी_गल्ली: व्हॉट्सॲपचं पण बघा. बिझनेस ॲप २०१८ पासून आहे, फुकट आहे. दुसरं सिम घाला, दोन्ही ॲप एकाच फोनवर चालतात. कॅटलॉगमध्ये फोटो, माप, दर टाकले की "रेट काय"वाले निम्मे गप्प. रात्री दुकान बंद असल्याचा मेसेज आपोआप जातो.

चप्पललाईनकर: पेज काढलं, सिम उद्या आणतो. पण आमच्या मामांना कुठं ठेवू? त्यांना लग्नाचे फोटो पण पाहिजेत आणि चप्पल पण उधार.

रंकाळावासी: मामा दोन्हीकडं. उधारी फोनवर.