देणगीदारांना इंटरनेट विकणे संस्थेला शोभते का?

धरमपेठवासी:
गेल्या आठवड्यात आपल्या गटात आलेले आवाहन वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. नागपुरातील ज्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाला मी गेली अठरा वर्षे दर दिवाळीला २,००० रुपये देत आलो, तीच संस्था आता देणगीदारांना सांगते आहे की, आमच्यामार्फत एका कंपनीची ब्रॉडबँड जोडणी घ्या, महिना ४९९ रुपये अधिक जीएसटी भरा, मूळ रकमेतील ५ टक्के वसतिगृहाला मिळतील. ‘आपल्याला एक रुपयाही जास्त द्यावा लागणार नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत आहे आणि माझा आक्षेप त्याच वाक्याला आहे. महिन्याचे २५ रुपये, वर्षाचे ३००. पुढच्या दिवाळीला माझा मुलगा जर म्हणाला, ‘बाबा, आपण इंटरनेटमधून देतोच आहोत’, तर वसतिगृहाचे १,७०० रुपये बुडाले. खिशाला झळ लागू न देता देण्याची सवय लावणे हे संस्थेने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे आहे.

माजी कार्यवाह:
आपल्या भावनेचा आदर आहे, परंतु देणगी पुस्तक घेऊन मे महिन्यात रामदासपेठेतील जिने मी चढलो आहे, आपण नाही. माझ्या यादीतील किती घरांत आता केवळ वृद्ध आई-वडील उरले आहेत आणि मुले पुण्याला किंवा बंगळुरूला आहेत, हे मला माहीत आहे. एका घरी गेलो तेव्हा दारावर कुलूप होते. शेजारणीने सांगितले, ‘काका मागच्या महिन्यात गेले.’ तीस वर्षांचा देणगीदार असा एका वाक्यात संपतो. वसतिगृहात गहू आणि तूरडाळ मात्र दर महिन्याला लागतेच. कल्पना नवीनही नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या वर्किंग ॲसेट्सने आधी क्रेडिट कार्डावर आणि पुढे दूरध्वनी सेवेवर हेच केले. ग्राहकांच्या दूरध्वनी बिलाचा १ टक्का समाजकार्याला जात असे. येथे तर ५ टक्के मिळत आहेत.

सक्करदऱ्याची शिक्षिका:
वर्किंग ॲसेट्स ही स्वतःच्या नावाने सेवा विकणारी कंपनी होती, हा फरक आपण गाळलात. येथे विक्री संस्थेच्या नावाने आहे. माझा खरा प्रश्न तर यादीचा आहे. कंपनीला आमचे दूरध्वनी क्रमांक कोणी दिले? माझ्या आईने दुसऱ्या एका संस्थेला वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी देणगी दिली आणि पावतीपुस्तकात क्रमांक लिहिला. पंधरा दिवसांत तिला विमा, कर्ज आणि गुंतवणूक यांचे दूरध्वनी येऊ लागले. एकाने तर वडिलांचे नाव घेऊन ‘साहेब आहेत का?’ असे विचारले. त्या दुपारी आई फोन हातात धरून बराच वेळ बसून होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याचा गाभाच हा आहे की, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. पावतीवरचा क्रमांक पावतीसाठी असतो.

माजी कार्यवाह:
ताई, आपण आमच्यावर थेट चोरीचा आळ घेत आहात. यादी दिली गेली, हे आपल्याला कोणी सांगितले?

सक्करदऱ्याची शिक्षिका:
मी आळ घेतलेला नाही, प्रश्न विचारला आहे. आवाहनानंतर तिसऱ्या दिवशी मला कंपनीच्या माणसाचा दूरध्वनी आला आणि त्याने संस्थेचे नाव सांगितले. यादी दिली नसेल, तर तसे लेखी सांगण्यास अडचण काय?

महालचा केबलवाला:
यादीवरून इतके भांडण चालले आहे, पण सेवा कोण देणार, हे एकानेही विचारलेले नाही. परवाना कंपनीचा, तार कंपनीची, संस्थेचे फक्त नाव. पावसात खांबावरची तार तुटली आणि पेटीवर लाल दिवा लुकलुकू लागला की, ग्राहक कंपनीच्या यंत्राला ‘एक दाबा, दोन दाबा’ करत बसणार नाही. तो ओळखीच्या माणसाला, म्हणजे वसतिगृहाच्या अधीक्षिकेला दूरध्वनी करील. मुलींची परीक्षा सोडून त्या बाई तक्रारी लिहून घेणार काय? आमच्यासारखे लहान चालक रात्री अकराला शिडी लावून फायबर जोडतात. त्याच वसतिगृहाला मी चार वर्षे विनामूल्य जोडणी दिली आहे आणि आज माझेच ग्राहक त्यांच्या नावाने पळवले जात आहेत, याचे दुःख आहे.

हिशेबतपासनीस:
एक गोष्ट कोणी लक्षात घेतलेली नाही. हे ३०० रुपये देणगी नाहीत, संस्थेचे कमिशन आहे. ग्राहकाने मोबदला म्हणून सेवा घेतली, त्यामुळे त्याला ८०-जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणारी, पावती मिळणार नाही. आणि संस्थेला या व्यवसायाची वेगळी हिशेबवही ठेवावी लागेल. विश्वस्तांनी हे आवाहनात स्पष्ट लिहायला हवे होते.

माजी कार्यवाह:
८०-जीबाबतची चूक मान्य करतो. आवाहनात ‘करसवलतीसह’ हा शब्द यायला नको होता. अधीक्षिकेला होणारा त्रास मी विचारात घेतला नव्हता, हेही खरे. महालच्या भाऊंनी चार वर्षे विनामूल्य जोडणी दिली हे मला ठाऊक नव्हते आणि त्याची मला लाज वाटते. तरीही डाळीचा प्रश्न तसाच आहे. विकायचेच नसेल, तर वर्षाला कमी पडणारी रक्कम कोण भरणार, हे कोणीतरी सांगावे.

धरमपेठवासी:
मी दिवाळीची वाट न पाहता २,००० रुपयांचा धनादेश सोमवारी पाठवतो आणि माझ्या मजल्यावरील तीन घरांना स्वतः विचारतो. इतके मी करू शकतो, याहून अधिकाची हमी देत नाही. परंतु यादी कोणाला दिली गेली, याचे उत्तर मला विश्वस्तांच्या सहीने हवे आहे.

सक्करदऱ्याची शिक्षिका:
मलाही. त्यानंतरच मी माझा धनादेश लिहीन.